चालू स्थितीतील एक रेडिओ

कोल्हापूरच्या इतिहासाला हात घालणारा गुन्हा माझ्या सबंध नोकरीत एकदाच नोंदला गेला. हे शब्द माझे नाहीत, फिर्यादीचे आहेत. ते मला आजही जसेच्या तसे आठवतात, कारण लिहून घेताना ठाणे अंमलदाराने दोनदा पेन खाली ठेवले होते. इतिहास साधारण दोन विटांएवढा होता. त्याला दोन गोल बटणे होती आणि मधे काटा फिरणारी काच.

फिर्यादी शहरातले एक कारखानदार. नाव कुणाचेच सांगणार नाही. यांना दादासाहेब म्हणू, सगळेच म्हणत. त्यांच्याकडे साठ वर्षांपूर्वीची इंग्रजी स्पोर्ट्स कार होती. हिरवी, बुटकी, बिनटपाची, दोन माणसांची. गाडीच्या वयाला शोभेल असा त्याच काळातला व्हॉल्व्हचा रेडिओ त्यांनी मोठ्या खटपटीने मिळवून तिच्यात बसवून घेतला होता. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी आणि स्पर्धा होती. करंडकासाठी दिवाणखान्यात काचेचे कपाट तयार होते. मंगळवारी सकाळी दादासाहेब पुण्याहून परतले, तर गाडीत रेडिओच्या जागी भोक.

फिर्यादीत वर्णन होते, "चालू स्थितीतील एक रेडिओ." पोलिसाला या शब्दांचे विशेष वाटत नाही. चोरीला गेलेली म्हैस नेहमी बारा लिटर दूध देणारी असते. भाकड म्हैस आमच्या जिल्ह्यात आजवर कुणाची चोरीला गेलेली नाही.

पत्रकारांना दादासाहेबांनी आंतरराष्ट्रीय टोळीचा संशय बोलून दाखवला. फिर्यादीत मात्र संशयित एकच होता, उद्यमनगरातला वायरिंगचा मिस्त्री. दोन वर्षांपूर्वी रेडिओ त्यानेच बसवला होता, आणि त्या कामापुरती गॅरेजची चावी त्याच्याकडे होती.

घटनास्थळाचा पंचनामा केला. गॅरेजचे कुलूप शाबूत. रेडिओचे स्क्रू एका वाटीत, वाटी गाडीच्या सीटवर. सुटलेल्या चारही वायरींच्या टोकांना दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी, आणि प्रत्येकीला चिमुकली चिठ्ठी: "वरचा डावा", "वरचा उजवा", "खालचा डावा", "खालचा उजवा." मी बऱ्याच चोऱ्या पाहिल्या आहेत. चोर वायर तोडतो. चिठ्ठ्या लावणारा चोर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बुधवारी ठाण्यात निनावी फोन आला. "मिस्त्रीच्या दुकानात जुना रेडिओ हाय, जावा लवकर." फोन करणाऱ्याच्या मागे ज्या ग्राइंडरचा आवाज येत होता, तोच आवाज मिस्त्रीच्या समोरच्या दुकानातून येतो, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळले. खबर म्हणजे पुष्कळदा शेजाऱ्याची इच्छा असते. तरी झडती घेणे भाग होते. आमचे हवालदार पंचनाम्यात काही सोडत नसत. मोडका डायनामो, बॅटऱ्या सात, गणपतीचे कॅलेंडर, मधोमध उठावाची नक्षी असलेली काळी पत्र्याची पट्टी व तिच्यावर चहाचे दोन ग्लास, सगळे अनुक्रमाने लिहिले. जुना रेडिओही सापडला, पण तो मिस्त्रीच्या वडिलांचा निघाला आणि त्यात झुरळे होती.

मिस्त्री पन्नाशीचा, काटक माणूस. ठाण्यात आणला तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसला आणि पाण्याला हात लावला नाही.

"साहेब, बंद रेडिओ चोरून मी काय त्याचं लोणचं घालू व्हय?"

"बंद? फिर्यादीत तर चालू आहे."

"मी बसवून दिला तवा चालूच हुता की! ह्या जुन्या इंग्रजी गाड्यांचं उलटं असतंय. आपल्याकडं बॅटरीची मायनस पत्र्याला, त्यांच्यात प्लस पत्र्याला. म्यां तसं जोडून दिलं. दादासाहेबांनी मोबाईलवर कायतरी बघितलं आन् दुसऱ्या दिवशी सोताच वायरी उलट्या केल्या. धूर निघाला. मला बोलावलं. म्हटलं, उघडायला लागंल. म्हनले, ऱ्हाऊ दे, दिसतोय न्हवं."

मी त्याला चिठ्ठ्या दाखवल्या. त्याने त्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या.

"आमी वायर रंगानं वळखतो. ही लिवणारा मानूस गाडीतला न्हाय. पण लई नीट हाय."

मग चिठ्ठ्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, "तुमची जीप माझ्या दारात तासभर हुती, साहेब. आज तीन गिऱ्हाईकं चाव्या परत घेऊन गेली. आमच्या धंद्यात मानूस गाडी न्हाय, चावी सोडून जातो. चावी बंद झाली की मी बंद."

माणूस खरे बोलतो आहे हे ओळखायची काही खूण नसते. कादंबऱ्यांतल्या पोलिसांना ती सापडते. मी त्याला घरी सोडले, कारण बंद रेडिओ त्याच्या उपयोगाचा नव्हता आणि त्याचे अक्षरही इतके चांगले नव्हते.

संध्याकाळी दादासाहेबांकडे गेलो. "रेडिओ वाजत होता का?" एवढेच विचारले.

ते भिंतीवरच्या वाघाच्या मुखवट्याकडे पाहत म्हणाले, "व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो."

"किती?"

"ते हवेवर असतं."

आता राहिल्या घरातल्या दुसऱ्या व्यक्ती. दादासाहेबांच्या पत्नी डॉक्टर, राजारामपुरीत त्यांचा दातांचा दवाखाना. योगायोगाने माझी खालची दाढ चार दिवस ठणकत होती. हवालदार म्हणाले, "साहेब, जबाब घ्यायचाच हाय, तर दाढ बी दाखवून टाका. सरकारी वेळात सरकारी काम, खाजगी काम, दोन्ही."

गुरुवारी गेलो. डॉक्टरबाईंनी माझ्या सुजलेल्या गालाकडे पाहिले आणि जबाब नंतर, आधी खुर्चीत बसा, असे बजावले. इंजेक्शन दिले, दोन्ही बाजूंना कापूस कोंबला, वर दिवा ओढला. माझी नजर समोरच्या फळीवर गेली. तिथे पेशंटांच्या कवळ्यांचे प्लास्टरचे साचे मांडले होते आणि प्रत्येकाला पांढऱ्या चिकटपट्टीने चिमुकली चिठ्ठी लावलेली होती. "वरचा डावा." "खालचा उजवा."

मी बोट दाखवून "आं, आं" केले.

"दुखतंय?"

मी मान हलवली आणि पुन्हा बोट दाखवले. त्यांनी वळून पाहिले. साच्यांकडे पाहिले, मग माझ्या खांद्यावरच्या ताऱ्यांकडे, आणि हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवला. मी सबंध नोकरीत शेकडो चौकश्या केल्या. तोंड माझेच उघडे होते आणि कबुली समोरून आली, अशी ही एकच.

"दोन वर्षं पाहुण्यांना सांगतायत, व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "पाहुणे चहा पिऊन जातात, तो काही तापत नाही. रविवारी परीक्षक बटण फिरवणार. सगळ्या गावासमोर यांचं तोंड एवढंसं होणार. म्हटलं, हे पुण्याला गेलेत तोवर काढावा, दुरुस्त करून गुपचूप बसवावा. चंदगडला एक म्हातारे गृहस्थ आहेत, अजून व्हॉल्व्हचं काम करतात. एसटीनं पाठवला, कवळ्यांच्या खोक्यात. एक व्हॉल्व्ह मिळेना म्हणून उशीर झाला आणि हे आले एक दिवस आधी. मी काही सांगायच्या आत तुमच्याकडे पोचले. आता सांगायचं तर रेडिओ बंद होता हे पोलिसांत सांगावं लागणार. उद्या रेडिओ परत येतोय. म्हणून मी मूग गिळून बसले."

मी कापूस बाहेर काढला. जीभ बधीर होती. तरी मिस्त्रीचे सांगितले. झडती, निनावी फोन, परत गेलेल्या तीन चाव्या.

त्यांचा चेहरा उतरला. "मला टोळीचा संशय म्हणाले होते हो!" एवढेच बोलून त्यांनी पर्स उचलली, कंपाउंडरला दवाखाना बंद करायला सांगितले आणि त्या माझ्या जीपमध्ये जाऊन बसल्या. दाढ तिथेच राहिली, म्हणजे माझ्या तोंडात.

दादासाहेबांच्या दिवाणखान्यात पुढची दहा मिनिटे काय झाले ते मी स्टेशन डायरीत घेतलेले नाही. बाहेरच्या व्हरांड्यात हवालदार आणि मी कुंड्या मोजत उभे होतो. आतून बाईंचा आवाज येत होता. दादासाहेबांचा येत नव्हता. शेवटी ते बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मिस्त्रीकडे जायचंय. मी येतो."

दुकानासमोर दादासाहेब उतरले. आजूबाजूचे ग्राइंडर एकेक करून थांबले.

"मिस्त्री, माझं चुकलं," ते म्हणाले. मग जरा घसा साफ करून, "वायरींचंसुद्धा."

मिस्त्रीने हात फडक्याला पुसले. "आधी वायरींचं मिटवू, दादासाहेब. पयलं मागनं बघू." आणि समोरच्या दुकानाकडे पाहून मोठ्याने म्हणाला, "काय पावणं, आज फोन न्हाय व्हय कुठं?"

रेडिओ शुक्रवारी एसटीने आला. शनिवारी मिस्त्रीने प्लस पत्र्याला जोडून तो बसवला, आणि बॅटरीच्या झाकणावर खिळ्याने कोरले, "हात लावू ने."

रविवारी मी बंदोबस्ताला होतो. गाडी दोन माणसांची. चालवायला दादासाहेब, शेजारी डॉक्टरबाई, असे छापील पत्रिकेत होते. प्रत्यक्षात शेजारी मिस्त्री बसला होता, डोक्यावर गुलाबी फेटा आणि मांडीवर पकड. फेरीचा ठरलेला रस्ता उद्यमनगरातून जात नव्हता. दादासाहेबांनी फेरी तिकडून नेली. मागच्या अकरा गाड्याही बिचाऱ्या त्यांच्यामागून गेल्या. दुकानांच्या फळ्यांवर उभी राहून माणसे शिट्ट्या मारत होती, आणि मिस्त्री एखाद्या लग्नातल्या नवरदेवासारखा हात जोडत होता. सोमवारपासून चाव्या परत आल्या, शिवाय समोरच्या दुकानातल्या दोन जास्त.

मैदानावर परीक्षक आले. दादासाहेबांनी बटण फिरवले. काही नाही. एक मिनिट झाले. लोक कुजबुजू लागले. डॉक्टरबाईंनी पदराचे टोक मुठीत धरले.

दादासाहेब म्हणाले, "व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो." आयुष्यात प्रथमच हे वाक्य ते खरे बोलत होते आणि त्याच वेळी त्यांना सर्वात जास्त घाम फुटला होता.

मग काचेमागे पिवळा उजेड आला. खरखर झाली, आणि साठ वर्षे जुन्या स्पीकरमधून एक भारदस्त आवाज उसावरील हुमणी किडीचा बंदोबस्त कसा करावा हे सांगू लागला. सगळे मैदान ओरडले. मिस्त्रीने फेटा उडवला. नंतर गर्दी हळूहळू शांत झाली, कारण निम्म्या लोकांचा ऊस शेतात उभा होता.

गुन्ह्याची 'क' समरी न्यायालयात पाठवली. प्रकरण खरेही नाही, खोटेही नाही, गैरसमज आहे, असा त्याचा अर्थ. आमच्या कागदांत याहून अचूक वर्ग दुसरा नाही आणि माझ्या मते गावातली निम्मी भांडणे त्यातच बसतात. या प्रकरणाने मला एक शिकवले. फिर्यादीत वस्तूचे वर्णन असते तिथे बहुतेक वेळा माणसाचे वर्णन असते. वस्तू कुणी नेली हे शोधण्याआधी ती खरोखर चालत होती का, हे विचारावे. आणि शक्यतो फिर्यादीच्या बायकोला विचारावे.

दादासाहेबांना दुसरा क्रमांक मिळाला. परीक्षकांच्या तक्त्यात रेडिओचे गुण शून्य होते. शेरा असा होता की या गाडीला कारखान्यातून रेडिओ येतच नसे. त्या जागी मधोमध उठावाची नक्षी असलेली काळी पत्र्याची पट्टी असे, आणि ती गहाळ दिसते.

ती गहाळ नाही. दादासाहेबांनीच रेडिओ बसवताना ती मिस्त्रीला फेकून द्यायला सांगितली होती. माझ्या झडतीच्या पंचनाम्यात ती अनुक्रम नऊवर आहे: "काळी पत्र्याची पट्टी, नग एक, चहाचे दोन ग्लास ठेवण्यासाठी वापरात. तपासकामी उपयुक्त नसल्याने जप्त केली नाही."