आमटीत बुडालेल्या रिमोटची भरपाई

विश्वजीतच्या हातून रिमोट कटाच्या आमटीत पडला, तो दिवस धोंड्याच्या जेवणाचा होता. अधिक महिन्यात सासरवाडीला पाटावर बसलेल्या जावयाला कुणी काही बोलत नसतं, आणि ही सवलत विश्वजीतनं पुरेपूर वापरली. डाव्या हातानं क्रिकेटचा चॅनेल शोधत उजव्या हातानं तो तुपाची वाटी पुढं ओढत होता. तूप आलं आणि रिमोट गेला. आमटीची वाटी मोठी असली तरी त्यात तो पुरता मावला नाही. पण जेवढा मावला तेवढा पुरला.

मेव्हण्यानं, म्हणजे कृष्णातनं, छताच्या पंख्याकडं बघितलं. बायकोनं, म्हणजे सृष्टीनं, नवऱ्याकडं बघितलं. सासूबाई राहीबाईंनी दोन बोटांनी रिमोट बाहेर काढला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "आसू द्या, पाव्हणं. आमटी न्हाईतरी लय झाली हुती."

खरं तर तिथंच विषय संपला होता. पण विश्वजीत सांगलीच्या एका खासगी कॉलेजात संगणक शिकवत होता. संगणक शिकवणाऱ्या माणसानं सासरवाडीला रिमोट बुडवावा आणि गप्प बसावं, हे त्याला मानवेना. घरी पोचायच्या आतच, गाडीत बसल्या बसल्या, त्यानं नऊ हजारांचा युनिव्हर्सल रिमोट मागवला. टीव्ही, टीव्हीखालचा सेट-टॉप डबा, एसी, पंखा, दिवे, सगळं एका रिमोटवर.

"एसी हाय कुठं आईकडं?" सृष्टीनं विचारलं.

"उद्या घेतला तर?"

राहीबाईंचं गाव मलकापूरपासून सहा किलोमीटरवर. नवरा फौजेत सुभेदार होता. वर्षातले दहा महिने तो सरहद्दीवर आणि बाराही महिने राहीबाई उसात. पाण्याची पाळी, तोडीची टोळी, बांधाची भांडणं सगळं त्यांनीच निस्तरलं. आता त्या अडुसष्टीच्या आहेत. गुडघे बोलतात, पण नदीवरची मोटर घरातल्या खाटेवरून चालू होते. फोन लावायचा, पलीकडून बाई काहीतरी बोलते, तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत एक दाबायचं, मोटर सुरू. दोन दाबलं की बंद. मोटरीला एकदा सांगून कळतं, पण माणसाला कळत नाही, असं त्यांचं मत होतं.

त्यांची आणखी एक खोड गावाला ठाऊक होती. कुठलीही गोष्ट त्या दोनदा सांगत, तिसऱ्यांदा नाही. शेजारच्या बाळासोला त्यांनी दोनदा सांगितलं होतं, की गोठ्याची भिंत ओढ्याच्या बाजूला कलली आहे. तिसऱ्यांदा भिंतीनंच सांगितलं. बाळासो तेव्हापासून त्यांचं पहिल्या खेपेलाच ऐकतो.

तीन आठवड्यांनी नातवाची, यशराजची, बेळगावला कसम परेड, म्हणजे फौजेत शपथ घ्यायची परेड, होती. सुभेदारांनंतर घरातलं दुसरं फौजी पोरगं. कृष्णात, सून रेश्मा आणि आत्याच्या नात्यानं सृष्टी आदल्या दिवशीच निघाले. राहीबाईंचे गुडघे चार तास गाडीत बसायला तयार नव्हते. पण परेड यूट्यूबवर थेट दिसणार होती, शनिवारी सकाळी साडेसातला. त्यांचं सगळं चित्त तिथं लागलं होतं. फोनवर बघा म्हटलं तर म्हणाल्या, "फोनात समदी पोरं मुंगीएवढी दिसत्यात. माजं कुटलं त्ये कळाय नगो?"

म्हणून शुक्रवारी दुपारी विश्वजीत नवा रिमोट घेऊन हजर झाला. खोका असा उघडला, की जणू आत हिऱ्याच्या कुड्या असाव्यात.

"मामी, आता तुम्हाला काहीच करायचं नाही. फक्त म्हणायचं, परेड बघायची. बाकी तो बघतो."

"बरं झालं. पर पाव्हणं, मी काय म्हनते—"

"एक मिनिट थांबा, मामी."

ते मिनिट संध्याकाळपर्यंत चाललं. रिमोटला आधी फोनात ॲप पाहिजे होतं. ॲपला खातं पाहिजे होतं. खात्याला असा पासवर्ड पाहिजे होता, ज्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह असेल आणि जो विश्वजीतला आठवणार नाही. मग वायफाय. वायफाय कृष्णातच्या खोलीत, खोलीला कुलूप आणि किल्ली बेळगावच्या वाटेवर. विश्वजीत व्हरांड्यात जाऊन खिडकीच्या गजांना कान लावल्यासारखा उभा राहिला, तेव्हा कुठं दोन रेघा आल्या.

रिमोटनं टीव्हीची कंपनी विचारली. यादीत चारशे कंपन्या होत्या, त्यांतल्या निम्म्या जपानमध्येही कुणी ऐकल्या नसतील; पण कराडच्या दुकानदारानं कृष्णातच्या गळ्यात मारलेली कंपनी नव्हती. मग कोड शोधणं आलं. प्रत्येक कोडला बटण दाबायचं आणि टीव्हीकडं आशेनं बघायचं. एकशे सतराव्या कोडला टीव्ही लागला. विश्वजीत उठून उभा राहिला. त्याच क्षणी डबा बंद पडला. डबा लावला तर टीव्ही बंद. दोघांचं जावा-जावांसारखं झालं; एक माजघरात आली की दुसरी परसात.

तेवढ्यात बाळासो दारात आला. "काकी, आमचा टीव्ही आपोआप बंद हुतोय. तुमच्याकडनं काय चाललंय का?"

"जावाय चालवाय लागल्यात," राहीबाई म्हणाल्या.

बाळासोनं विश्वजीतच्या हातातला काळा, चकचकीत ऐवज बघितला. "खिडकी लावून घ्या तेवढी," म्हणाला आणि गेला. जावयाला याहून जास्त बोलता येत नाही.

रात्री जेवायच्या आधी शेवटचा उपाय उरला. पुस्तिकेत लिहिलं होतं, की यादीत टीव्ही नसेल तर जुना रिमोट नव्याच्या समोर धरा, नवा त्याच्याकडून शिकेल. जुना रिमोट तीन आठवड्यांपूर्वी आमटीत शिजून वारला होता. विश्वजीतनं ती ओळ परत एकदा वाचली.

"पाव्हणं," राहीबाई हळूच म्हणाल्या, "ह्ये बगा, आपल्याकडं—"

"मामी, एक मिनिट. अगदी होत आलंय."

राहीबाईंनी ताटात भाकरी वाढली. त्यांचं दोनदा झालं होतं. हे बाळासोला कळलं असतं. विश्वजीतला नाही कळलं.

शनिवारी सात वाजून दहा मिनिटांनी टीव्हीवर निळा पडदा होता आणि त्यावर इंग्रजीत फक्त 'हॅलो' लिहून आलं होतं. राहीबाई न्हाऊन, इरकल नेसून, कपाळाला ठसठशीत कुंकवाऐवजी बुक्का लावून खाटेवर बसल्या होत्या. त्यांची नजर घड्याळावरून हलत नव्हती. विश्वजीत पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून वाचत होता.

"कंपनीला फोन लावा की," त्या म्हणाल्या. "रेंज पाणंदीच्या तोंडाला लय चांगली येती."

सासूनं जावयाला सकाळी सकाळी शेताकडच्या पाणंदवाटेच्या तोंडाला पाठवावं, ही गोष्ट त्या गावात आजवर झाली नव्हती. विश्वजीतला शंका यायला हवी होती. पण तो धावतच गेला. तिथं उसाच्या कडेला उभं राहून त्यानं बारा मिनिटं सनई ऐकली. अधूनमधून एक बाई सांगत होती, की त्याचा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. इथं एक दाबूनही काही सुरू झालं नाही.

परत आला तो घरातून बँड ऐकू येत होता. पडद्यावर मोठं मैदान, पांढऱ्या रेघा, पोरांच्या रांगा. राहीबाई पुढं झुकून एकेक चेहरा निरखत होत्या.

विश्वजीतचा ऊर भरून आला. "बघितलंत, मामी? त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. रात्रभर तो आतल्या आत शिकत होता."

"आसंल," राहीबाई म्हणाल्या. डोळे पडद्यावरच.

"आवाज वाढवतो."

"नगो, पाव्हणं—"

त्यानं बटण दाबलं. मैदान, बँड, रांगा, सगळं गडप झालं. काळ्या काचेत फक्त विश्वजीत दिसत होता, हातात रिमोट धरलेला.

राहीबाईंनी त्याच्याकडं बघितलं नाही. त्यांनी मांडीखालून दुधाच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावलेला एक पिवळट, हलका रिमोट काढला. पिशवीसकट त्यावर लाल बटण दाबलं, मग खालचं, मग मधलं. यशराजनं भरतीला जाताना जुन्या रिमोटवर असंच शिकवलं होतं. मैदान परत आलं. तिसऱ्या रांगेत, डावीकडून पाचवा, हनुवटी वर करून यशराज कॅमेऱ्यासमोरून गेला. राहीबाईंनी हात कपाळाला नेला, सुभेदार नेत असत तसा, आणि तो पुढं जाईपर्यंत खाली घेतला नाही.

विश्वजीत खाटेच्या कडेला टेकला. धोंड्याच्या दुसऱ्या दिवशी बाळासोनं मलकापुरातून दीडशे रुपयांना आणून दिलेला तो रिमोट होता. पिशवी कशासाठी, हे त्यानं विचारलं नाही. आमटीचा दिवस त्यालाही आठवत होता. पण एक गोष्ट विचारल्यावाचून राहवेना.

"मामी, हा घरात होता, तर मला कालपासून सांगितलं का नाही?"

राहीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि पिशवीवरचं रबर परत नीट चढवलं.

"तुमीच म्हनलासा, एक मिनिट थांबा."