भाजावळीतली गोधडी

मी पार्सलं पोचवतो. सकाळी मिरजोळ्याच्या गोदामात पिशव्या भरायच्या आणि दिवसभर पालीच्या आजूबाजूच्या वाड्यांतून दुचाकी दामटायची. दाराशी गेलं की पाणी मिळतं, वर कधी मूठभर कोकमं, नाहीतर अर्धा फणस. मांडीवर फणस घेऊन घाटी चढणं काय असतं, ते गोदामातल्या साहेबाला सांगून कळायचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक म्हातारबाबा मला रोज रस्त्यावर अडवायचे. त्यांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. मुंबईच्या मुलीनं आईची लुगडी नेली होती आणि त्यांची गोधडी शिवून ती धाडणार होती. "आली काय रं?" असं विचारताना ते माझ्या तोंडाकडे नाही, पिशवीकडे बघायचे.

ती आली त्या दिवशी नेमकं घराला कुलूप. ओटीवर ठेवावी तर माकडांचा सुळसुळाट. एका मास्तरीणबाईंच्या चपला त्यांनी आंब्याच्या शेंड्यावर नेऊन टांगलेल्या मी पाहिल्यात. मग मला अक्कल सुचली. अंगणाखालच्या भाताच्या कुणग्यात, म्हणजे शेताच्या लहानशा तुकड्यात, शेण, सुका पाला, वाळलेल्या डहाळ्या नीट पसरून ठेवल्या होत्या. त्यांच्या कोपऱ्यात पार्सल सरकवलं, वर पाला ओढला, आणि खिंडीत रेंज आली की फोन करू म्हणून निघालो. खिंडीत टायर पंक्चर झाला आणि फोन राहिलाच. अती शहाणा त्याचा बैल रिकामा!

ती भाजावळ होती. पेरणीआधी रोपांसाठी जमीन भाजून घेतात, ती. लहानपणापासून दर उन्हाळ्यात मी आईच्या मागून डहाळ्यांचे भारे वाहिले, आणि तरी मला ती ओळखू आली नाही. आमची जमीन विकली गेली, तिथं आता दुसऱ्याची आंब्याची बाग आहे, तारेचं कुंपण आहे. पण माणूस इतकं विसरतो? मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ती भाजावळ असल्याचं आठवलं तसा धावत गेलो. कुणगा काळा पडला होता. म्हातारबाबा काठीनं कडेचा पाला आत लोटत होते. मी सगळं सांगितलं. ते राख उकरत बसले. तळहाताएवढा हिरवा तुकडा निघाला, तो झटकून त्यांनी खिशात ठेवला. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हितं तीच पेरायची," ते म्हणाले. "मला हात लावू द्यायची नाय." मग काठी टेकून उठताना, "लावणीला येशील काय?"

रजा टाकून गेलो. चिखलात पाय गेला आणि आईची इतकी आठवण आली की मान वर करवेना. निघताना त्यांनी त्याच कुणग्यातल्या रोपांची एक मूठ माझ्या हातात दिली. "तुझ्या शेतात लाव." शेत नाही, हे सांगायला माझी जीभ रेटेना.

भाड्याच्या खोलीच्या गॅलरीत, बादलीत लावली. शेजारी हसले. हसू देत. कामावरून आलो की आधी मी त्या बादलीशेजारी बसायचो. ओल्या मातीचा वास आला की आई मागच्या दारी असेल असं वाटायचं. दिवाळीच्या तोंडावर लोंब्या पिकल्या. त्या कापल्या, एका खोक्यात घातल्या आणि म्हातारबाबांच्या दारात नेल्या.

त्यांनी खोकं उघडलं, लोंबी नाकाशी नेली. त्याच कुणग्यातल्या रोपांची आहे हे मला सांगावं लागलं नाही.

"सही कुठं करू रं?" त्यांनी विचारलं.

सही कसली, हे पार्सल गोदामाचं नव्हतंच. तरी मी मोबाईल पुढे केला. बोटानं त्यांनी सावकाश नाव लिहिलं. ते त्यांचं नव्हतं, बायकोचं होतं. मी ते अजून पुसलेलं नाही.