आबांचं वजन

लग्नसराईत आमच्या धुळ्याच्या घरात माणसांपेक्षा खुर्च्यांची सरबराई जास्त व्हायची. सासऱ्यांचा केटरिंगचा धंदा होता. वरण-बट्टीची पंगत जमिनीवर बसत होती तोवर ठीक होतं. एकोणीसशे नव्वदच्या आसपास लोकांना जेवायला टेबल-खुर्ची लागायला लागली, आणि घडीच्या लोखंडी खुर्च्यांचं ओझं धंद्यावर, म्हणजे माझ्यावर, येऊन पडलं. लग्नाहून परतलेल्या खुर्चीला काय काय चिकटलेलं असतं, ते वऱ्हाडी मंडळींना कधी कळू नये. वाळलेली कढी गरम पाण्याने निघते. बुंदीचा पाक निघत नाही, खरवडावा लागतो. मग रॉकेलच्या फडक्याने गंज पुसायचा, सांध्यांत तेल सोडायचं, सैल रिबिट ठोकून घ्यायचं. हे सगळं मी करायचे आणि कौतुक तेलाचं व्हायचं.

शेवटची परीक्षा मात्र सासऱ्यांची. त्यांना सगळे आबा म्हणत. माणूस धिप्पाड. ट्रक भरण्याआधी गोडाऊनमध्ये खुर्च्या ओळीने मांडायच्या आणि आबांनी एकेकीवर धपकन बसून बघायचं. खुर्ची कुरकुरायची, ते कान देऊन ऐकायचे. जी जास्त ओरडेल ती वेल्डिंगला. "जी मले झेलस ती बठ्ठास्ले झेली," म्हणायचे. त्यांना झेलणारी खुर्ची सगळ्यांना झेलणार, आणि ते खरंच होतं. मी डोक्यावर पदर घेऊन शेजारी उभी. सासऱ्यांसमोर सुनेने खुर्चीवर बसायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. दिवसभर खुर्च्या पुसायच्या आणि टेकायला जमीन, यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. मलाही नाही, कंबर दुखायला लागेपर्यंत.

एका वर्षी अख्ख्या सीझनमध्ये एकही खुर्ची नापास झाली नाही. आम्ही खूश. नवऱ्याने श्रेय नव्या तेलाला दिलं. त्याच वर्षी आबा अर्ध्या ताटावरून उठायला लागले होते आणि त्यांचा सदरा खांद्यावरून उतरत होता. ऊन फार आहे, असं आम्ही म्हणायचो. खान्देशात उन्हावर काहीही खपतं.

मग भुसावळच्या एका लग्नात नवरदेवाचे मामा ऐन जेवणात खुर्चीसकट खाली गेले. लागलं काही नाही, फक्त कढीची वाटी छातीवर रिकामी झाली. मामांनी उरलेलं जेवण जमिनीवर बसून केलं आणि यापुढे सगळी लग्नं अशीच जेवणार असं जाहीर केलं. नवरा मोडकी खुर्ची घेऊन घरी आला आणि वेल्डरच्या नावाने बोटं मोडत राहिला.

सकाळी आबांनी मला गोडाऊनमध्ये बोलावलं. मोडकी खुर्ची पुढ्यात होती. रिबिट झिजून काडीएवढं झालेलं. ही खुर्ची त्यांच्याखाली किंचाळायला हवी होती. त्यांनी तर पास केली होती. आबा बराच वेळ रिबिटकडे बघत बसले, मग स्वतःच्या सदऱ्याकडे.

"खुर्चीना दोष नही," ते म्हणाले. "मनं वजन आते खोटं शे. तू बस."

आपलं वजन आता खोटं, हे त्यांनी काटा बिघडल्यासारखं सांगितलं. आधी डॉक्टरकडे चला, असं मी म्हटलं. ते म्हणाले, आधी खुर्च्या.

माझ्या वजनावर नवऱ्याचे विनोद ठरलेले होते. त्या वजनाचा कुणी असा मान ठेवेल असं कधी वाटलं नव्हतं. आबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, मला संकोच नको म्हणून. मी पदर सावरला आणि बसले. जन्मात पहिल्यांदा सासरे उभे आणि मी खुर्चीवर. दुसऱ्या, तिसऱ्या खुर्चीवर बसले. एक चांगलीच ओरडली, तशी त्यांनी मागे न बघता ती बाजूला काढायची खूण केली. नव्या तेलाचा सगळा पराक्रम त्या ओळीत उघडा पडला. नवऱ्याला सांगायला मजा आली असती, पण मला रडू येत होतं.

ओळ संपेपर्यंत आबा दमले. भिंतीला हात लावून उभे होते. माझ्याखाली त्यातल्या त्यात कुरकुरलेली एक खुर्ची मी त्यांच्यामागे सरकवली.

ते बसले. खुर्ची वाजलीसुद्धा नाही.