ओढ्याकाठच्या रोपवाटिकेला कर्ज देणाऱ्या विजयाताई

विजयाताईंना मी प्रथम पाहिलं ते शनिवार पेठेतल्या पतसंस्थेच्या कचेरीत. पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि मी अकोल्याहून अशाच एका कंपनीत नोकरीला आलो होतो. खातं उघडायला गेलो, तर अध्यक्षा असलेल्या ताईंनी विचारलं, "संगणकातलं कळतं? मग रविवारी काय करता?" तेव्हापासून माझे रविवार संस्थेचे झाले, पुढे मी संचालकही झालो.

विश्रांतवाडीच्या ओढ्याकाठी काही बायका भाड्याच्या जागेवर रोपवाटिका चालवत. मालकाने जागा विकायला काढली. ती बायकांना घ्यायची होती, पण तारण नसल्याने बँका त्यांना दारात उभं करत नव्हत्या. तिथेच इमारत बांधू पाहणारा एक बिल्डर आमच्याकडे आला. कर्ज द्या, मोठ्या ठेवी आणतो, म्हणाला. आम्हा संचालकांचा कल उघड तिकडेच होता.

"अहो ताई, या बायकांना जामीन कोण?" उपाध्यक्षांनी विचारलं.

"त्या एकमेकींना आहेत. आपल्यापैकी कोण कुणाला राहील, तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आम्हाला तिथे घेऊन गेल्या. ओढ्यावर धुकं होतं. त्यातून कडुनिंबाची, करंजाची इवली रोपं हळूहळू दिसू लागली; जणू कुणी एकेकाला जागं करत होतं. झारीने पाणी घालणाऱ्या गिरिजाबाई म्हणाल्या, "हळू चाला, साहेब. पायाखाली जंगल हाय." आम्ही किती वेळ उभे होतो, कोण जाणे. शहर फार लांब गेल्यासारखं वाटलं.

परतल्यावर उपाध्यक्षांनीच बायकांच्या कर्जाचा ठराव मांडला. बिल्डरच्या ओळखीच्यांनी ठेवी काढून घेतल्या. ताई मग पेठांतले जिने चढत, घरोघरी नव्या ठेवी मागत फिरल्या. संस्था तरली, बायकांनी कर्ज फेडलं. आज आमच्या कंपनीच्या आवारातली सावलीही त्याच रोपांची आहे.

माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा ताई बसने घरी येत. "तुम्ही झोपा, आम्ही गप्पा मारतो," म्हणत. आईची वाचा गेलेली होती. तरी मला जाग आली की ताईंचा संथ आवाज ऐकू येई, आणि आई हसताना दिसे.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त रोपवाटिकेत वड लावायचं ठरलं. त्याच्या सावलीत त्यांनी निवांत बसावं, तितकं दीर्घ, निरोगी आयुष्य त्यांना लाभावं, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. ती बोलून दाखवली, तर ताई म्हणाल्या, "मग वड कशाला? चिंच लावा. ती आणखी सावकाश वाढते."

आम्ही चिंच लावली आहे.