मागच्या सीटवरचा वेन्डल

लोरीन स्टकीने एकसष्टाव्या वर्षी मोटारसायकलचं लायसन काढलं ते काही हौसेने नव्हे. तिच्या नवऱ्याला, वेन्डलला, काचबिंदू झाला, त्याचं लायसन गेलं आणि गॅरेजमधली गोल्ड विंग ही अवजड मोटारसायकल दोन महिने चादर पांघरून उभी राहिली. ही त्यांची तिसरी. दर वेळी गाडी आधीपेक्षा मोठी आली, लोरीनची जागा मात्र तीच राहिली, मागची. सव्वीस वर्षं! पाठीला उशी, हाताला टेकू, थंडीत गरम होणारी सीट, सगळा थाट होता. फक्त पुढचा रस्ता दिसायचा नाही, वेन्डलचं हेल्मेट दिसायचं.

आता त्या थाटात वेन्डल बसला आणि हेल्मेटमधल्या माईकवरून दिवसभर तिचं डोकं खाऊ लागला.

"गिअर बदल. अगं, बदल की!"

"बदललाय."

"मग आवाज का असा येतोय?"

"तो तुझा आवाज आहे, वेन्डल."

त्या रविवारी ओहायोतल्या त्यांच्या गोल्ड विंग मंडळाची आइस्क्रीम फेरी होती. सप्टेंबरात सगळे डोंगरातल्या मोठ्या सफरीला निघणार होते. मंडळाचा म्होरक्या मर्ल याने आधीच बजावलं होतं, "आज तुझं चालवणं बघतो, लोरीन. नाही जमलं तर गाडी विका आणि आमच्या मागून कारने या." लोरीनला कारने जायचं नव्हतं. खरं सांगायचं तर आता ती गाडी वेन्डलपेक्षा तिलाच जास्त हवी होती, पण हे ती कुणापाशी बोलली नव्हती.

चाळीस मैल तिने झकास चालवली. आइस्क्रीमच्या दुकानासमोर खडी होती. तिथे ती अगदी हळू उजवीकडे वळत होती, तेवढ्यात वेन्डलने घाबरून पाय बाहेर काढला आणि अंग भलतीकडे टाकलं. जवळजवळ चारशे किलोचं ते धूड सगळ्या मंडळादेखत उजव्या कुशीवर आडवं झालं. लागलं कुणालाच नाही. लोरीनला मात्र धरणी दुभंगावी असं झालं.

चार म्हातारे धावले. "हात लावू नका कुणी!" ती ओरडली. तिने इंजिन बंद केलं, डावीकडचा स्टँड आधीच पाडून ठेवला, सीटला पाठ लावली, हँडल आणि मागची कडी धरली आणि एकेक पाऊल मागे रेटत गाडी उभी केली. गेला महिनाभर ती गॅरेजचं दार लावून हेच करत होती.

मर्लने टोपी काढली. "जिला गाडी उचलता येते तिला चालवताही येते. सप्टेंबरात ये. आणि त्याला गप्प बसवता आलं तर त्यालाही आण."

वेन्डल म्हणाला, "क्लच आधी दाबायला हवा होतास."

"पाय कुणी काढला बाहेर?" लोरीनचा आवाज दुकानाच्या आतपर्यंत गेला. "मेला तो पाय आत ठेवायचा! एवढंच काम आहे तुला!"

सगळे आइस्क्रीम घेऊन पांगले. वेन्डलच्या हातातलं आइस्क्रीम मनगटावर ओघळत होतं.

"मला भीती वाटते गं मागे," तो हळूच म्हणाला. "कधी वळणार, कधी थांबणार, काही कळत नाही. तुला नाही वाटायची?"

"रोज वाटायची."

"मग एकदा तरी बोलायचंस."

"बोलायचे की. घाट आला की तू माझा माईक बंद करायचास. माझ्या आवाजाने तुझं लक्ष उडायचं म्हणे."

वेन्डलने मनगट पुसलं आणि हेल्मेट चढवलं. परतताना अकरा मैल झाले. माईकचं बटण आता तिच्या डाव्या अंगठ्याखाली होतं आणि ते बंद करावं असं तिला फार वाटत होतं. मग कानात आवाज आला.

"लोरीन, वळतोय का आपण?"

"हो. डावीकडे. पाय आत ठेव."

तिने बटण चालूच ठेवलं, आणि आपण ते चालू ठेवतोय याचाही तिला राग आला.