मेहुण्याचा मेहुणा

राजारामपुरीतल्या त्या दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत सोळा वर्षं एक वाक्य रोज ऐकू यायचं. ‘अडलंय, जोतीरामला बोलवा.’ जोतीरामचं पोट या वाक्यावर भरायचं. पगार आपला तोंडी लावायला. मग स्नेहल आली आणि चार महिन्यांत वाक्यातलं नाव बदललं. तेव्हापासून तिचं काहीच त्याला सोसेना. ‘असला फिकट चहा पिणाऱ्याला अक्कल असती व्हय?’ असं मनात म्हणायचा आणि मान लांब करून तिच्याच स्क्रीनमध्ये डोकवायचा.

त्या आठवड्यात एका मंगल कार्यालयासाठी पाहुण्यांच्या यादीचा प्रोग्राम चालला होता. कोण कुणाचा कोण लागतो ते कळलं, की मानाचा फेटा चुकत नाही. प्रत्येकाच्या नोंदीला नातेवाइकांच्या नोंदी जोडलेल्या. चूक शोधायला आत काय साठलंय ते बघावं लागतं, म्हणून जोतीरामनं छपाईची कमांड लिहिली: माणूस छाप, मग त्याचे नातेवाईक, मग त्यांचे. खोट्या नावांची नाती एकाच दिशेनं जोडलेली, त्यांच्यावर ती झकास चालली. पण मालक धैर्यशील बघायला आले आणि आपलं घराणं पडद्यावर झळकावं म्हणून जोतीराम पठ्ठ्यानं स्वतःचंच नाव घातलं.

घरी साटंलोटं. जोतीरामची आक्का विश्वजितला दिलेली, विश्वजितची बहीण यानं केलेली. पडद्यावर जोतीराम आला. त्याचा मेहुणा विश्वजित, त्याचा मेहुणा जोतीराम, त्याचा मेहुणा विश्वजित... कारखान्यापुढं उसाच्या गाड्या लागाव्यात तशा ओळी लागल्या.

“जोतीराम, हा मेहुणा संपतोय कधी?”

“संपल की साहेब. पावणं जरा जास्त हाईत.”

मेहुणा संपला नाही, मशीन संपलं. धैर्यशील म्हणाले, “स्नेहलला बोलवा.”

ती फिकट चहा घेऊनच आली. “काका, एखाद्याच्या नोंदीत शिरताना त्याचं नाव टिपायचं, काम संपवून बाहेर पडताना खोडायचं. टिपलेलाच माणूस परत भेटला, तर ‘वर आलाय’ एवढं लिहायचं आणि मागं फिरायचं.”

तिनं चार ओळी लिहिल्या. जोतीराम, मेहुणा विश्वजित, त्याचा मेहुणा जोतीराम (वर आलाय). संपलं.

“एवढंच व्हय? मला सुचलंच होतं की.”

“मग लिहिलं का नाही, काका?”

“तुला शिकाय मिळावं म्हणून.”

काका! ते ‘काका’ त्याला घरापर्यंत टोचत राहिलं.

घरी बायको तयारच होती. “तुमची आक्का माझ्या दादाला काय काय बोलली!” त्यानं आक्काला फोन लावून स्पीकरवर ठेवला. “आधी तुझ्या बायकोनं तोंड सोडलं,” आक्का कडाडली. “आधी आक्कांनी!” “आधी तिनं!” तिसऱ्या फेरीला जोतीराम ओरडला, “हे वर आलंय! मागं फिरा!”

दोघी गप्प. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

जेवायला वाढताना बायको कौतुकानं म्हणाली, “लई शहाणे झालासा. कुठं शिकलासा हे?”

जोतीरामनं भाकरीचा तुकडा तांबड्या रश्श्यात बुडवला आणि बराच वेळ चावला. नाव ओठावर आलं होतं.

“मलाच सुचलं,” तो म्हणाला, आणि त्याला एकदम जोराचा ठसका लागला.