अकोल्याला भरलेली सभा

माझ्या सीनियरांइतका आंतरराष्ट्रीय कायद्यात बुडालेला वकील जिनिव्हात एखादा सापडेलही, पण त्याला मोर्शीकडच्या धुऱ्यांच्या, म्हणजे शेताच्या बांधांच्या, भांडणांवर घर चालवावं लागत नसेल. सरांचं घर त्यावरच चालतं. जीव मात्र आंतरराष्ट्रीय कायद्याच्या संघटनेत, म्हणजे तिच्या अमरावती-अकोला शाखेत अडकलेला. शाखेचे ते तहहयात सचिव. धुऱ्यावरून हमरीतुमरीवर आलेल्या दोन भावांना त्यांनी एकदा मधोमध निर्लष्करी पट्टा सोडायचा सल्ला दिला. थोरला शांतपणे म्हणाला, "वकीलसाहेब, मंग त्या पट्ट्यात तूर कोन पेरन?" सर आठवडाभर त्यावर विचार करत होते.

शाखेची वर्षाची कामं ठरलेली: विद्यार्थ्यांची अभिरूप न्यायालय स्पर्धा, दिल्लीच्या मुख्यालयाला पाठवायचा अहवाल आणि वार्षिक सभा. अहवालासाठी दिल्लीने आम्हाला कधीतरी समुद्राचा कायदा नेमून दिला. वडाळीच्या तलावापलीकडे पाणी न पाहिलेले सर तेव्हापासून खोल समुद्रातल्या खनिजांवर हक्क कोणाचा, या काळजीत असतात. कोर्टाच्या कँटीनमध्ये त्यांच्या टेबलाशी बसायला लोक घाबरतात. मीही घाबरायचो, म्हणूनच बहुधा मला सहसचिव केलं.

सभेचं ठिकाण हा मात्र नाजूक विषय. एकदा अकोल्याच्या उपाध्यक्षांनी बॅनरवर अकोल्याचं नाव आधी छापलं. सरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की यापुढे सभा अमरावतीलाच, अकोल्यात पाय ठेवणार नाही. उपाध्यक्षही हट्टी. दरवर्षी आपली माणसं घेऊन अमरावतीला यायचे, प्रत्येक ठरावाला विरोध करायचे आणि पोटभर जेवून परत जायचे. ते गेले की सर दिवसभर उदास असत. भांडायला त्या तोडीचा माणूस आमच्या गावात नव्हता.

यंदा उपाध्यक्षांना अर्धांगवायूचा झटका आला. ते नाहीत म्हणून अकोल्याचं कोणीच आलं नाही, गणसंख्या भरेना आणि सभा तहकूब झाली. दिल्लीने कळवलं, की मार्चअखेर सभा झाली नाही तर शाखा नागपूरच्या शाखेत विलीन करू. नागपुरात विलीन! सरांचा चेहरा पडला. आधी त्यांनी उपाध्यक्षांना रुग्णवाहिकेतून आणण्याची योजना आखली. उपाध्यक्षांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, फोनवरच झाडलं. दोन दिवस गेले. मग कोर्टाच्या पायरीवर मला थांबवून म्हणाले, "सभा अकोल्याले होईन. त्याच्या खाटीपाशी. चाल, लाग कामाले."

आणि झाली. अमरावतीचे झाडून सगळे सभासद सरांनी गाडीत कोंबले. अकोल्याचे आपण होऊन आले. उपाध्यक्षांच्या खोलीत आम्ही दाटीवाटीने उभे. सरांनी समुद्राचा अख्खा अहवाल वाचला, एक पान गाळलं नाही. उपाध्यक्षांची जीभ जड झाली होती, तरी ऐकताना मध्येच त्यांनी डावा हात वर केला. आम्हाला वाटलं, आला विरोध. ते सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "इतिवृत्तात ठिकान लिवा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "लिव. ठिकाण, अकोला." उपाध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. वहिनी चहा आणायला म्हणून आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

शाखा वाचली. परतीच्या गाडीत मला वाटलं होतं, सर आता दिल्लीला खरमरीत उत्तर लिहायला घेतील. ते खिडकीशी बसून होते. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाले, "पुढच्या साली बी अकोल्यालेच घेऊ."

मला विचारायला नको होतं, पण तोंडून गेलं. म्हटलं, सर, पुढच्या वर्षी ते नसले तर?

त्यांनी बाहेरच्या काळ्या रानाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तरी बी अकोल्यालेच."